स्वयंसेवक मैत्रीण व्हायचंय? मग आधी तारीख पाळा

सहा वर्षांपूर्वी मी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना स्वयंसेवक मैत्रीण किंवा मित्र जोडून देणाऱ्या एका उपक्रमात नाव नोंदवलं तेव्हा अर्जात ‘तुम्ही काय शिकवू शकाल?’ असा रकाना असेल, अशी माझी समजूत होती. तो नव्हता. तुम्हाला काय आवडतं आणि महिन्यातून किती वेळा मोकळ्या असता, एवढंच विचारलं होतं. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं, कारण मी शिकवायच्या तयारीनेच गेले होते.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाभोवती वर्दळ पुष्कळ असते. पण त्यातले बहुतेक जण एक तर रक्ताच्या नात्याचे, नाही तर पगारावरचे. ज्याला यायची काहीच सक्ती नाही आणि तरी जो येतो, असा माणूस बहुधा नसतो. अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्स सुरू केलं, ते खेळासाठी. त्यांचा मुलगा अँथनी याने १९८९ मध्ये ‘बेस्ट बडीज’ काढली, ती दोस्तीसाठी. एकास एक जोडी, दोघांच्या आवडी जुळवून. आज ठिकठिकाणी चालणाऱ्या अशा उपक्रमांचा साचा साधारण हाच असतो.

उपक्रम निवडताना एक गोष्ट नक्की बघा: ते तुमची चौकशी करतात का? ओळखपत्र, पोलीस पडताळणी, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांशी बोलणं, मग थोडं प्रशिक्षण. हे सगळं कटकटीचं वाटतं, पण पहिल्याच दिवशी तुमच्या हाती कुणाला सोपवत असतील तर तिथून परत फिरा. आणि विचारा की समोरच्या व्यक्तीला स्वतःला मैत्रीण हवी आहे का, की ते फक्त तिच्या आईने ठरवलंय?

पहिल्या भेटीत माझी जी फजिती झाली ती तुम्ही टाळू शकता. मी छत्तीस वर्षांची, जिच्याशी माझी जोडी लावली होती ती एकेचाळीस. मी तिला नावाने हाक मारली, थेट ‘तू’ म्हटलं आणि वर ‘अरे वा, किती छान हं!’ असा बालवाडीतला सूर लावला. तिने शांतपणे सांगितलं, “ताई म्हण. मी मोठी आहे.” तेव्हापासून ती ताई. ‘विशेष मूल’ हा शब्द चाळिशीतल्या बाईला लावतात तेव्हा मला अजून कसंसं होतं. ‘मतिमंद’ तर नकोच. काय म्हणायचं हे त्यांनाच विचारा.

आता बोलण्याविषयी, कारण खरं कसब इथे लागतं. वाक्य छोटं ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. चारपर्यंत आलात की तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायची हुक्की येते. ती आवरा, कारण नवे शब्द आले की ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समजलं नाही तर समजल्यासारखी मान डोलवू नका. “मला कळलं नाही, दाखवतेस का?” असं सरळ म्हणा.

दुसरी मेख होकाराची. “बागेत जायचं?” हो. “वाचनालयात जायचं?” हो. “घरीच बसायचं?” तेही हो. आयुष्यभर ‘हो’ म्हटलं की लोक खूश होतात, हे ज्याने पाहिलंय तो दुसरं काय म्हणणार? मग मी ‘बाग की वाचनालय?’ असं विचारू लागले. ताई वाचनालय म्हणायची. मला वाटलं, जमलं. एकदा सहज क्रम उलटा केला, तर उत्तर आलं ‘बाग’. ती शेवटचा शब्द उचलत होती! शेवटी मी दोन्ही जागांचे फोटो काढून टेबलावर ठेवले. तिने दोन्ही बाजूला सारले आणि पत्त्यांचा कॅट काढला. सहा महिने मी तिला नको तिथे हिंडवत होते.

एक सावधगिरी. माणूस अचानक गप्प किंवा चिडचिडं झालं की सगळे ‘यांचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. दुखणं अक्षमतेच्या खात्यावर टाकलं जातं. ताईला डाउन सिंड्रोम आहे. त्यात कानाचे मार्ग अरुंद असतात आणि ऐकू कमी येण्याचा त्रास बराच आढळतो. ती पंधरा दिवस बोलेना तेव्हा घरचे ‘मूड’ म्हणत होते. निघाला कानातला मळ. तुम्ही डॉक्टर होऊ नका, औषधंही देऊ नका, पण दिसलेला बदल समन्वयकाला त्याच दिवशी कळवा. कुणी त्रास दिल्याचं ती सांगू लागली, तरी तेच करा. ऐकून घ्या, खोदून विचारू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका.

पैशाचं सोपं आहे: ज्याचा खर्च त्याने करायचा, उसनवारी नाही. फोटो टाकण्याआधी तिला विचारा, आणि होकाराबद्दल वर लिहिलंय ते आठवा.

सगळ्यात वर मी तारीख ठेवते. दुसऱ्या वर्षी एका बुधवारी मला ऑफिसात उशीर झाला. मी तिच्या भावाला निरोप टाकला, तो त्याने रात्री वाचला. ताई बूट घालून दाराशी दोन तास बसली होती. तेव्हापासून निरोप थेट तिला, फोनवर, माझ्या आवाजात. तिच्या कॅलेंडरवर माझा फोटो चिकटवलेला असतो. झालेल्या दिवसांवर ती फुली मारते आणि फोटोपर्यंत पोचते. भेट हलली तर फोटो कोणत्या चौकोनात गेला, हे फोनवरच सांगून तिच्याकडून हलवून घ्यायचं.

आणि उपक्रम सोडायचा झाला, तर हळूहळू विरून जाऊ नका. दोन महिने आधी सांगा, शेवटची भेटही कॅलेंडरवर लावा आणि सोडण्याचं खरं कारण सांगा. दुसऱ्याच भेटीत ताईने मला विचारलं होतं, “तू कधी जाणार?” मी घड्याळ बघून म्हणाले, “साडेसहाला.” तिच्या आधीच्या मैत्रिणीबद्दल समन्वयकाने मला सांगितलं, ते बरंच नंतर.