गटवार बॉक्स प्लॉट काढताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील दैनंदिन पावसाची तालुका आणि महिना अशा दोन्ही अंगांनी तुलना करायची असेल, तर गटवार बॉक्स प्लॉट, म्हणजे प्रत्येक गटातील मधल्या निम्म्या नोंदी एका पेटीने (बॉक्सने) दाखवणारा आलेख, सोयीचा ठरतो. मात्र आर, पायथन किंवा एसपीएसएस यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चुकीचा आलेखही तितक्याच सुबकपणे काढून देते.

बहुतेक अडचणींचे मूळ तक्त्यात असते. प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र स्तंभ ही मांडणी वाचायला सोपी असली, तरी जीजीप्लॉट२ या आरमधील आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये गटवार आलेखासाठी तालुका, महिना आणि पाऊस असे तीन स्तंभ व प्रत्येक नोंदीची एक ओळ लागते. पावसाच्या स्तंभात कुठे 'निरंक', तर कुठे नुसती आडवी रेघ असल्यास तो सगळा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. दुरुस्ती करताना पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहावे आणि नोंदच नसलेला दिवस रिकामा ठेवावा. दोन्हींना एकच मानल्यास मध्यक (क्रमाने लावलेल्या नोंदींतील मधली किंमत) बदलतो.

गटच पडत नसतील, तर गट पाडणारा स्तंभ संख्या म्हणून साठवला आहे का, ते पाहावे. २०१९ आणि २०२१ ही वर्षे संख्या म्हणून 'फिल'ला (बॉक्सचा रंग ठरवणाऱ्या पर्यायाला) दिली, तर जीजीप्लॉट२ त्यांचे वेगळे बॉक्स काढत नाही. वर्षाचे फॅक्टरमध्ये (गटांची नावे साठवणाऱ्या प्रकारात) रूपांतर केले की ते दिसू लागतात. महिन्यांचा क्रमही सांगावा लागतो, अन्यथा ऑगस्ट, जुलै, जून, सप्टेंबर असा वर्णानुक्रम लागतो. गंमत म्हणजे नावे इंग्रजीत लिहिली तरी क्रम हाच येतो.

सर्वांत फसवी चूक अक्षाची आहे. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या गगनबावड्याचा पाऊस पूर्वेकडील शिरोळच्या कितीतरी पट असल्याने एकाच अक्षावर शिरोळचे बॉक्स चपटे होऊन तळाला चिकटतात. अशा वेळी लॉग अक्ष घेण्याचा मोह होतो. पण शून्याचा लॉग निघत नसल्यामुळे कोरडे दिवस गणनेतून गळतात आणि शिरोळचा मध्यक विनाकारण वर सरकतो. अक्षाची मर्यादा 'वायलिम'ने घातल्यास मर्यादेबाहेरच्या नोंदी चतुर्थक (बॉक्सच्या दोन कडा ठरवणाऱ्या किमती) काढण्यापूर्वीच वगळल्या जातात. ओळी काढून टाकल्याची सूचना येते खरी, पण ती सहसा कोणी वाचत नाही. केवळ दृश्य जवळ आणायचे असेल, तर मर्यादा 'कोऑर्ड_कार्टेशियन'मध्ये द्यावी. माझ्या मते येथे प्रत्येक तालुक्याची स्वतंत्र चौकट करून अक्ष मोकळा ठेवणे अधिक प्रामाणिक आहे, मात्र अक्ष वेगवेगळे असल्याचे आलेखाखाली स्पष्ट लिहावे.

व्हिस्करबाहेरचे (बॉक्समधून निघणाऱ्या रेषांपलीकडचे) ठिपके म्हणजे चुकीच्या नोंदी नव्हेत. बॉक्सच्या कडेपासून चतुर्थकांमधील अंतराच्या दीडपटीपलीकडे गेलेली नोंद, एवढाच त्यांचा अर्थ असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांच्या काळातील अतिवृष्टीचे दिवस असेच बाहेर पडू शकतात, आणि ते पुसून टाकल्यास अभ्यासाचा विषयच पुसला जाईल. मूळ नोंदींचे ठिपकेही आलेखावर टाकणार असाल, तर बॉक्सचे स्वतःचे ठिपके 'आउटलायर.शेप' एनए करून बंद करावेत, नाहीतर तीच नोंद दोनदा दिसते.

एक्सेल आणि आर यांचे बॉक्स किंचित वेगळे आल्यास चतुर्थक काढण्याची पद्धत तपासावी. एक्सेलमध्ये मध्यक धरून आणि वगळून असे दोन पर्याय आहेत. शेवटी प्रत्येक गटातील नोंदी मोजून पाहाव्यात, आणि एखाद्या गटात जेमतेम चार-पाचच असल्यास तेथे बॉक्सऐवजी ठिपके दाखवावेत.