मोरोक्कोत टॅक्सी करताना: सीट घ्यायची की अख्खी गाडी?

मोरोक्कोला जाताय ना, मग आधी हे डोक्यात बसवा की तिथे टॅक्सी दोन प्रकारच्या, छोटी ती पेती टॅक्सी आणि मोठी ती ग्राँ टॅक्सी, आणि दोन्हीचे नियम पार वेगळे.

पेती फक्त शहरात चालते, हद्दीबाहेर जायची परवानगी नाही, आणि पॅसेंजर जास्तीत जास्त ३. चौघं असाल तर सरळ दोन टॅक्स्या करा, ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. रंग शहराप्रमाणे बदलतो, कासाब्लांकात लाल, रबातला निळा, माराकेशला पिवळसर मातकट. बसल्या बसल्या "कोंत्यूर, सिल व्हू प्ले" म्हणा, म्हणजे मीटर टाका. नाही म्हणाला तर उतरा आणि पुढची बघा, पर्यटकांच्या ठिकाणापासून दोन गल्ल्या लांब गेलं की मीटरवर येणारा लवकर मिळतो. रात्री मीटरच्या वर ५० टक्के जास्त द्यावे लागतात, तो तिथला नियमच आहे, त्यावरून भांडू नका. आणि वाटेत ड्रायव्हरने दुसरं कुणी घेतलं तर दचकू नका, तिथे हे रोजचंच आहे, प्रत्येक जण आपापलं भाडं देतो. मात्र तुम्हीच मधे चढलात तर चढताना मीटरचा आकडा बघून ठेवा, आधीच्या माणसाचं भाडं तुमच्या गळ्यात नको.

आता ग्राँ टॅक्सी, ही मला मनापासून आवडते. गावागावांतून जाते, ठरलेल्या स्टँडवरून सुटते, ६ सीट भरल्या की निघते, टाइमटेबल वगैरे काही नाही. पूर्वी सगळ्या जुन्या मर्सिडीज असायच्या, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं आणि मागे चौघं दाटीवाटीने, आता बऱ्याच ठिकाणी डासिया लॉजी आल्यात, त्यात जरा बरं बसता येतं. स्टँडवर एक माणूस गावाचं नाव ओरडत असतो, त्याला गाव सांगा, तो गाडी दाखवतो. एकच सीट हवी तर "ब्लासा वाहदा" म्हणा. हे बोलणं फार महत्त्वाचं आहे, कारण तेतुआनहून शेफशावनला जाताना मी ते बोललोच नाही, नुसता आत जाऊन बसलो, ड्रायव्हरने लगेच गाडी काढली, मला वाटलं वाटेत बाकीचे चढतील, आणि उतरताना त्याने सहाही सीटचे पैसे मागितले. त्याच्या मते मी अख्खी गाडी केली होती, आणि रिकामी गाडी निघाली तेव्हा मीही काही विचारलं नव्हतं.

हिशोब सोपा आहे, समजा एका सीटचे ३० दिरहम तर अख्खी गाडी १८०. सीटचा दर ड्रायव्हरला विचारण्यापेक्षा रांगेतल्या इतर पॅसेंजरला विचारा, "बश्हाल?" म्हणजे किती, एवढं पुरतं. पाय अवघडतात किंवा बाई एकटी आहे तर दोन सीट घ्या, कुणी काही म्हणत नाही. सकाळी गाड्या पटापट भरतात, दुपारनंतर तासभरही थांबावं लागतं, मग थांबलेल्यांनी मिळून उरलेल्या सीटचे पैसे वाटून घेतले की गाडी लगेच निघते.

अख्खी गाडी कधी करायची? वोलुबिलिसचे रोमन अवशेष बघायचेत तर नक्की. मेकनेसहून शेअर टॅक्सी मुले इद्रिस नावाच्या गावापर्यंत नेते, पण अवशेष तिथून पुढे साधारण ४ किलोमीटर, उन्हात चालत जाणं जिवावर येतं. तिघं-चौघं असाल तर मेकनेसहूनच गाडी ठरवा आणि बसायच्या आधी स्पष्ट बोला: जाऊन-येऊन किती, तिथे किती तास थांबणार, आणि हे पैसे गाडीचे की माणशी. आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा, भाषेचा घोळ होत नाही. पैसे परत आल्यावरच द्या, नाहीतर परतीला गाडी जागेवर नसली तर काय करणार?

विमानतळाचं वेगळं आहे. कासाब्लांकाचा विमानतळ शहराबाहेर, तिथून ट्रेन आहे, तीच धरा. माराकेशचा जवळ आहे पण तिथे भाव फार चढवून सांगतात, १९ नंबरची बस थेट जमा एल फना या शहराच्या मुख्य चौकात सोडते.

खिशात सुटे दिरहम ठेवा, २०० ची नोट दिली तर सुटे नाहीत असंच ऐकायला मिळतं. रमजानात सूर्यास्ताच्या सुमाराला टॅक्सी जवळजवळ मिळतच नाही, सगळे उपवास सोडायला घरी गेलेले असतात, तेव्हा त्या वेळची ट्रेन पकडायची असेल तर तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसा.