वास आला की फ्रेशनर लटकवू नका: पिकअपवाल्यांच्या नेहमीच्या चुका

केबिनमध्ये काहीतरी जळल्याचा वास येतोय म्हणून आरशाला लिंबाच्या वासाची पुडी टांगणारी पोरं बघितली की माझं डोकं फिरतं. वास म्हणजे गाडीची तक्रार आहे बाबा. मीटरवरचा दिवा लागायच्या कितीतरी आधी ती वासातून बोलायला लागते, आणि तू तिच्या तोंडावर सेंट मारतोस.

यात मीही शहाणा नव्हतो. चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गुळाचे ३० किलोवाले पन्नास रवे भरले आणि पुण्याला गुलटेकडीला निघालो. कराड सोडलं आणि गोडसर वास यायला लागला. हौद्यात दीड टन गूळ, वास गोड नाही तर कसला येणार? शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, "मामा, गूळ वितळतोय काय?" दोघंही हसलो. साताऱ्याला चहाला थांबलो, तेव्हा बॉनेट उचलून बघायला दोन मिनिटं लागली असती. उचललं नाही. पहाटेच्या बाजाराची घाई.

शिंदेवाडीच्या पुढे कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा चक्क खाली आला. मी खूश! पहाटेची गार हवा लागली म्हटलं. काटा खाली का आला, ते नंतर मिस्त्रीने सांगितलं. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं तापमान दाखवतो, नुसत्या वाफेत लटकला की काय वाटेल ते दाखवतो. मिनिटभरात बॉनेटमधून वाफ. खालच्या होज पाइपची क्लिप ढिली होऊन कराडपासून थेंब थेंब गळत होतं, आणि तो गोड वास गरम इंजिनावर पडणाऱ्या कुलंटचा होता.

इथपर्यंत नुसती क्लिप आणि कुलंटचा खर्च होता. पुढचा मी स्वतः ओढवून घेतला. दहा मिनिटं थांबलो, रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते उघडलं आणि बाटलीतलं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं आणि त्याखालचं पॅकिंग, गॅस्केट, गेलं. दुसरी गाडी बोलावून माल त्यात चढवला, तो बाजार झाल्यावर पोचला. बिल २२ हजार.

तेव्हापासून गोड वास आला की मी गाडी बाजूला घेतो, भाडं कुठलंही असो. इंजिन बंद करून निदान पाऊण तास झाकणाला हात लावत नाही. तापलेल्या रेडिएटरमध्ये दाब असतो, झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. माझं नशीब बरं म्हणून तेव्हा तोंड वाचलं. खाली सांडलेलं कुलंट मातीने झाकतो, कारण ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

दुसरी माझ्या रागाची चूक घाटातली. आंबा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे, त्यातले काही थोर पुरुष इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं, तरी सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. मग जळका, नाकात झोंबणारा वास येतो. अशा वेळी थांबून चाकावर पाणी मारतात! तापलेली डिस्क वाकते, ड्रमला तडा जातो. माझी सवय साधी: ज्या गियरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गियरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. तरी वास आलाच तर रुंद जागा बघून थांबायचं, चाकाला दगड लावायचा, अर्धा तास काढायचा. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, ते लवकर उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलतो. मिस्त्री "अजून चालेल की" म्हणाला तरी.

सपाटीवर एकाच चाकाकडून तसाच वास आला तर ब्रेक धरून राहिलाय. चारही चाकांजवळ, न टेकवता, तळहात न्या. जे भाजतं ते गुन्हेगार. बऱ्याचदा हँडब्रेक अर्धवट सुटलेला असतो.

क्लचचा वास जळक्या कागदासारखा, आणि तो चढाला किंवा बाजाराच्या रांगेत येतो. नव्या पोरांना हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरून ठेवायची फार हौस. हँडब्रेक कशासाठी दिलाय?

जळक्या तेलाचा वास आला तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा, तिथून गळलेलं तेल धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डवर पडतं. डिझेलचा वास फिल्टर बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर तिथल्याच पाइपची क्लिप ढिली. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे बॅटरी जास्त चार्ज होतेय: इंजिन चालू ठेवून बॅटरीला व्होल्टमीटर लावा, १५ व्होल्टच्या वर गेला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला. तिथे बिडी पेटवू नका. सीएनजीवाल्यांनी तर गॅसचा वास आला की आधी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, बाकीची चर्चा नंतर.

प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर बॅटरीची वायर काढा. फ्यूज उडतो म्हणून तिथे तांब्याची तार बसवणाऱ्याशी मी बोलत नाही.

आणि एकदा रत्नागिरीहून परतल्यावर आठ दिवस एक वास शोधत होतो. ब्लोअर खोलला, उंदीर मेलाय म्हणून डॅशबोर्ड उतरवला. सीटखाली पोराने घरी न्यायला घेतलेली सुकटीची पुडी निघाली.