उठाव फसल्यावर खचलेल्या पोरांना कसं सावरायचं

आधी तुरुंगात कोण कोण आहे ते बघा, त्यांच्या घरी जा, वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा, आईवडलांची औषधं, असलं काम हातात असलं की पोरं एकटी पडत नाहीत. कुणामुळे हरलो यावर लगेच मीटिंग नको प्लीज, दमलेली माणसं एकमेकांवरच तुटून पडतात. उठावाचे व्हिडिओ तारखेसकट सेफ ठेवा, चेहरे झाकून. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ म्हणजे लष्करी राजवट लागली, सॉलिडॅरिटी या सरकारविरोधी कामगार संघटनेवर बंदी आली, तरी लोक चोरून पत्रकं छापत राहिले, कैद्यांच्या घरच्यांना सांभाळत राहिले आणि जून १९८९ ची निवडणूक त्यांनीच जिंकली. मधली वर्षं फार जड गेली, हेही पोरांना खरं सांगा. कुणी थांबतो म्हणाला तर गद्दार म्हणू नका, फोन करत राहा. जगण्यातच अर्थ नाही असं कुणी बोलला तर लगेच त्याच्याकडे जा, डॉक्टरकडे सोबत न्या.