सिरीयल नंबर दोन असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं

हे काम अंगावर आलं तेव्हा मी तासगावहून रोज एसटीनं सांगलीला यायचो. बीसीए झालेलं, पगार कुणाला सांगावा असा नव्हता, आणि ऑफिस म्हणजे विश्रामबागेत झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. काम होतं एका टॅक्सवाल्या साहेबांचं. त्यांच्याकडं मिठाईच्या रिकाम्या बॉक्सात १८० डीएससी टोकन (डीएससी म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, टोकन म्हणजे ते ठेवायचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी), प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेननं लिहिलेलं नाव, त्यातली अर्धी नावं पुसलेली. (टोकन खरं ज्याचं त्याच्याकडंच पाहिजे, पण कुठल्याही टॅक्सच्या ऑफिसातला ड्रॉवर उघडून बघा.) साहेबांना एवढंच पाहिजे होतं की कुणाची डीएससी कधी संपते ते एक्सेलात दिसावं आणि कुणी नवीन काढली की प्रोग्रामनं ते आपलं आपण ओळखावं. मी म्हटलं, दोन दिवसांत देतो. लागले साडेचार महिने, आणि त्यात एका माणसाचं टेंडर गेलं.

पायथन येतं, पब्लिक की आणि प्रायव्हेट की म्हणजे काय ते माहिती आहे, असं धरून लिहितोय. टोकनमधून प्रायव्हेट की बाहेर येत नाही, आपल्याला मिळतं ते फक्त सर्टिफिकेट, म्हणजे विंडोजमधून एक्स्पोर्ट केलेली डॉट सीईआर फाइल. लायब्ररीचं नावच क्रिप्टोग्राफी आहे, तीच वापरा, बाकीच्या मागं लागू नका. पहिला दगड इथंच लागतो कारण विंडोज एकाच एक्स्टेन्शननं दोन प्रकारच्या फाइली देतं, एक बायनरी म्हणजे डीईआर आणि दुसरी बेस६४ म्हणजे पेम, आणि दोघांना लोड करायची फंक्शनं वेगळी. फाइल नोटपॅडात उघडा, वर 'बिगिन सर्टिफिकेट' असं डॅश-डॅश करून दिसलं आणि खाली 'एमआयआय'नं सुरू होणारा मजकूर असला तर पेम, चिनी-जपानी कचरा दिसला तर डीईआर. हे पाच मिनिटांत कळतं, यावर जास्त बोलत नाही.

नावाचं पण तसंच. सर्टिफिकेटचा सब्जेक्ट, म्हणजे ते ज्याच्या नावावर आहे त्याची माहिती, ही डिक्शनरी नव्हे, तिथं एकाच प्रकारची दोन-दोन ॲट्रिब्यूट असू शकतात, म्हणून कॉमन नेम मागितलं की लायब्ररी यादी देते, आणि ती यादी रिकामी असली आणि तुम्ही डोळे झाकून शून्यावा घटक मागितला की प्रोग्राम तिथंच बसतो. संस्थेच्या जागी 'पर्सनल' दिसलं तर घाबरू नका, वैयक्तिक डीएससीत तसंच असतं. आणि 'सीएचं नाव पण कॉलमात पाहिजे' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा कुठला सीए. मी पहिल्या फाइलीत सगळीकडं चार्टर्ड अकाउंटंट साहेबांचं नाव टाकून दिलेलं, त्यांना पाहिजे होती सर्टिफिकेट देणारी ऑथॉरिटी, म्हणजे इश्युअर.

आता सिरीयल नंबर. इथं जरा बसा.

सर्टिफिकेट लोड झालं की त्याला सिरीयल नंबर विचारता येतो आणि पायथन तो साधा पूर्णांक म्हणून देतं. आरएफसी ५२८० (सर्टिफिकेट कसं असावं ते ठरवणारा दस्तऐवज) प्रमाणं हा नंबर २० बाइटपर्यंत असू शकतो, म्हणजे आपल्या रोजच्या दशमान आकड्यांत लिहिला तर ४८ आकड्यांपर्यंत जातो. मी तो तसाच सीएसव्हीत टाकला. साहेबांच्या ऑफिसातल्या मॅडमनी फाइल डबल क्लिक करून एक्सेलात उघडली, कॉलम रुंद केला, दोन-चार मोबाइल नंबर दुरुस्त केले आणि सेव्ह केलं. झालं. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, त्याच्या पुढं सगळी शून्यं. मॅडमची काही चूक नाही, त्यांनी काहीच केलेलं नाही, फाइल उघडली आणि मिटली एवढंच.

पुढच्या महिन्यात मी सगळ्या सीईआर फाइली परत वाचल्या आणि रजिस्टरशी, म्हणजे त्या एक्सेलच्या फाइलीशी, जुळवल्या. एकही जुळेना. माझ्या प्रोग्रामनं निवांतपणे १८० च्या १८० लोकांनी नवीन डीएससी काढली असं ठरवलं, आणि नवीन काढली की रिन्यूअलच्या फोनयादीतनं नाव उडवायचं, हे पण मीच लिहिलेलं. मुदतीची तारीख परत एकदा बघायचे कष्ट घेतले नव्हते. स्क्रीनवर '१८० अपडेट झाले' असं हिरव्या अक्षरात आलं आणि मी चहाला गेलो. जतचा एक कॉन्ट्रॅक्टर रस्त्याच्या टेंडरच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला टोकन घेऊन आला, लावलं, तर मुदत आठ दिवसांपूर्वीच संपलेली. नवीन काढायची म्हणजे परत व्हिडिओ व्हेरिफिकेशन, परत टोकनात डाउनलोड, तोवर टेंडर बंद. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं साहेबांना फक्त विचारलं, "पोरगं नवीन हाय व्हय?"

मग मी दुरुस्ती केली, आणि ही दुरुस्ती त्या चुकीपेक्षा वाईट होती. मला पाहिजे होता असा सिरीयल नंबर जो एक्सेल खराब करणार नाही. लायब्ररीच्या यादीत मला दिसलं की सब्जेक्टमधनं पण 'सिरीयल नंबर' काढता येतो, काढून बघितला तर ६४ अक्षरांचा, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेली, एक्सेलात टाकला तरी जसाच्या तसा. मी लई खूश. नाव तेच, दिसायला भारी, आणि कधी नव्हे ते सगळे १८० नंबर रजिस्टरशी जुळले. पुढचे तीन महिने प्रोग्राम सांगत राहिला की एकानंही डीएससी नवीन काढलेली नाही. मॅडम फोन लावायच्या आणि समोरून यायचं, "अहो, मागच्याच आठवड्यात पैसे दिले की तुम्हाला."

झालं असं की ती दोन वेगळी सिरीयल आहेत. सर्टिफिकेटचा सिरीयल नंबर ही इश्युअरनं त्या एका कागदाला दिलेली संख्या, नवीन सर्टिफिकेट आलं की नवीन नंबर. सब्जेक्टमधला सिरीयल नंबर हा माणसाला चिकटलेला, त्याचा ओआयडी, म्हणजे त्या फील्डचा ठरलेला ओळखक्रमांक, २.५.४.५, आणि भारतातल्या डीएससीत कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज म्हणजे सीसीएच्या नियमानुसार तिथं त्या माणसाच्या पॅनचा शा-२५६ हॅश, म्हणजे पॅनवरनं गणितानं काढलेला ठसा, असतो. पॅन बदलत नाही, मग हॅश कुठून बदलणार. आमच्या मार्केट यार्डातल्या भाषेत सांगायचं तर पहिला म्हणजे हळदीच्या सौद्याच्या पट्टीचा नंबर आणि दुसरा म्हणजे अडत्याकडच्या वहीतला शेतकऱ्याचा खातेनंबर. मी खातेनंबर बघून ठरवत होतो की हळद नवीन आली का.

आता तोच हॅश मी कामाला लावलाय, पण त्याच्या खऱ्या कामाला, म्हणजे जुनी आणि नवी डीएससी एकाच माणसाची आहे का हे ओळखायला. नाव जुळवून हे होत नाही, एकात 'पाटील एस बी' आणि दुसऱ्यात पूर्ण नाव, आणि सांगलीत पाटील किती ते तुम्हाला माहिती. पण एक सांगतो, हॅश आहे म्हणून तो कॉलम व्हॉट्सॲपवर फिरवू नका. व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर पी ठरलेलं, पाचवं आडनावाचं पहिलं, आणि आडनाव तर सर्टिफिकेटवरच लिहिलेलं. मग उरतात साधारण ४५७ कोटी शक्यता. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण साध्या लॅपटॉपला सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला आणि पॅन शोधायला फार वेळ लागत नाही.

आणि कागदाच्या सिरीयल नंबरचं म्हणाल तर तो हेक्समध्ये, मजकूर म्हणून साठवा. मजकूर म्हणून, परत सांगतो. नुसतं हेक्स केलं की सुटलो असं नाही, एखाद्या छोट्या नंबरात सगळे आकडे आणि मधेच एक ई आला तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून खातं. मी पुढं 'एसएन-' असं लावून टाकलं, मॅडमनी विचारलं हे काय, म्हटलं असू दे. विंडोज कधीकधी पुढं दोन शून्यं दाखवतं आणि पायथनच्या हेक्समध्ये ती नसतात, त्यामुळं जुळवताना दोन्ही परत पूर्णांक करून जुळवा, अक्षरं जुळवत बसू नका. आणि एकटा सिरीयल नंबर पण पुरत नाही, कारण तो एका इश्युअरपुरता वेगळा असतो, दोन ऑथॉरिटींनी एकच नंबर दिला तर त्यात कुणाची चूक नाही. इश्युअर आणि सिरीयल, जोडी धरा. आरएफसी ५२८० चा ४.१.२.२ हा भाग अर्ध्या पानाचा आहे, मी तो साडेचार महिने वाचला नाही.

का वाचला नाही, तर मला शॉर्टकट दाखवणारे भरपूर होते. एका सीनिअरनं सांगितलं की ओपनएसएसएल या कमांडलाइनच्या टूलनं सर्टिफिकेट टेक्स्टमध्ये छाप आणि रेजेक्स मार. हे माझ्या मते पाप आहे. ओपनएसएसएल उत्तर ताडून बघायला उत्तम, मी आजही बघतो, पण त्याच्या छापील मजकुरातनं 'सिरीयल' शब्द शोधायला गेलात तर तो दोनदा सापडेल आणि तुम्ही माझ्याच खड्ड्यात. एआयकडनं कोड घेता, घ्या, मी पण घेतो, पण त्याला 'सिरीयल नंबर काढून दे' म्हटलं की ते काढून देतं, कुठला पाहिजे हे तुम्हाला माहिती नसेल तर त्याला कुठून कळणार. आणि क्लासवाल्यांबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच की मी २२ हजार भरले होते आणि तिथं सर्टिफिकेट म्हणजे शेवटच्या दिवशी फोटो काढून देतात ते. मेंटॉर पाहिजेच असेल तर असा बघा जो स्वतःची चूक सांगतो. हुशार माणूस असला तरी तो नुसतं 'सोपं आहे रे' म्हणणारा असेल तर लांब राहा.

तारखेचं थोडक्यात. मुदत यूटीसीत म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढं. ३१ मार्चला रात्री ११:५९:५९ ला संपणारी डीएससी प्रोग्रामला संध्याकाळी ६:२९:५९ ला संपलेली दिसते. जुन्या 'नॉट व्हॅलिड आफ्टर'मध्ये टाइमझोनच नसायचा, लायब्ररीच्या आवृत्ती ४२ पासून शेवटी यूटीसी लावलेलं नवं नाव आलंय, ते वापरा. एआय अजून जुनंच लिहून देतं बऱ्याचदा.

आणि हे मात्र नीट ऐका, वाचणं म्हणजे तपासणं नव्हे. लायब्ररी सर्टिफिकेटवर जे लिहिलंय ते वाचून दाखवते, ते खरं आहे असं म्हणत नाही. मी आत्ता बसल्या जागी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचं सर्टिफिकेट बनवू शकतो, तुमचा प्रोग्राम ते बिनबोभाट वाचेल आणि इश्युअरच्या जागी मी लिहीन ते छापेल. सही खरी आहे का, सही देणाऱ्यांची साखळी वर सीसीए इंडियाच्या रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटपर्यंत, जाते का, मधेच रद्द तर झालेलं नाही ना, हे सगळं वेगळं काम आहे. आमच्या रजिस्टरला ते लागत नव्हतं. तुमच्या कामात कुणाला आत सोडायचं की नाही हे सर्टिफिकेट वाचून ठरणार असेल तर नुसतं वाचून थांबलात तर नोकरी जाईल, आणि जायलाच पाहिजे.

घाबरवतोय असं वाटत असेल तर तसं नाही. विषय आकारानं छोटा आहे. एएसएन.१ (सर्टिफिकेट आतून ज्या पद्धतीनं लिहितात ती) वगैरे शब्द ऐकून मी दोन रात्री झोपलो नव्हतो आणि आजवर ते हातानं सोडवायची वेळ आलेली नाही. आठ-दहा फील्ड, चार-पाच एक्स्टेन्शन (फाइलीची नव्हे, सर्टिफिकेटला जोडलेली जादा माहिती), एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो. काम पण वाढतंय, वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती, ती १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरलीय, म्हणजे ज्यांच्याकडं शंभर वेबसाइटी आहेत त्यांना हे वहीत लिहून जमणार नाही. पुण्यातल्या एका इंटरव्ह्यूत मला विचारलेलं की सर्टिफिकेट एकमेव कशावरनं ओळखशील, मी हीच सगळी कथा सांगितली, टेंडरसकट. नोकरी मिळाली, घरून करतो, एसटी सुटली.

साहेबांचं रजिस्टर मात्र अजून माझ्याकडंच आहे. जतच्या त्या कॉन्ट्रॅक्टरची ओळ आली की यादी मॅडमकडं न देता ४५ दिवस आधी मी स्वतः फोन लावतो. तो उचलतो, तारीख ऐकून घेतो आणि दर वेळी विचारतो, "नीट बघितलंस न्हवं?"