खाणीची सुरक्षा: गेटवर, गावात आणि कागदावर या चुका टाळा

खाणीवर लाठीमार किंवा गोळीबार झाला की चौकशी त्या दिवसापासून सुरू होते. पण चुकीची सुरुवात बहुतेक वेळा आधीच झालेली असते: एजन्सीच्या कंत्राटात, पोलिसांना दिलेल्या जीपच्या डिझेल पावतीत, गेटवरच्या अर्धवट भरलेल्या नोंदवहीत. सुरक्षा प्रमुखांनी आणि कंत्राट देणाऱ्यांनी आधी ही कागदपत्रं उघडावीत.

पोलीस बंदोबस्त तोंडी ठरवणं

बंदोबस्त मागवण्यात गैर काही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस मिळतात. गडबड होते ती सोयीच्या देण्याघेण्यात. ठाण्याला गाडी, डिझेल, जवानांना कंपनीचं क्वार्टर, मेसमध्ये जेवण. मग गावाला पोलीस कंपनीचेच वाटू लागतात, आणि त्यांनी उचललेल्या प्रत्येक लाठीचा हिशेब कंपनीच्या नावावर चढतो.

हे आपल्याकडे घडलेलं आहे. दाभोळ वीज प्रकल्पाच्या विरोधात गुहागर तालुक्यात आंदोलन सुरू असताना जून १९९७ मध्ये वेलदूर या मच्छीमार गावात पहाटे पोलीस घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने १९९९ च्या अहवालात प्रकल्पाच्या कंपनीलाही जबाबदार धरलं. प्रकल्पाच्या बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पुढे २००० साली सुरक्षा आणि मानवी हक्कांची ‘स्वैच्छिक तत्त्वं’ आली. खनिज आणि तेल कंपन्यांसाठीच्या या तत्त्वांत सरकारी दलांशी व्यवहार कसा करावा, याला स्वतंत्र जागा आहे.

म्हणून मागणी लेखी करा, ती जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे असू द्या. पैसे चलनाने सरकारी तिजोरीत भरा, कुणाच्या हातात देऊ नका. गाडी दिलीच तर लॉगबुकात तारीख, चालक, कुठून कुठे, किलोमीटर आणि कारण लिहून घ्या. महिनाभर कारणाच्या रकान्यात फक्त ‘गस्त’ दिसत असेल तर पुढच्या महिन्याचं डिझेल देण्याआधी खुलासा मागा. ज्यांच्यावर अत्याचाराचे विश्वासार्ह आरोप आहेत असे कर्मचारी आमच्याकडे नकोत, हेही त्याच पत्रात लिहा.

कागदावरचं प्रशिक्षण

खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ चा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत गार्डसाठी किमान १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, तेही किमान २० कामाच्या दिवसांत, असं प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान ७ दिवसांत. नवखा पोरगा एक तारखेला भरती होऊन पाच तारखेला बॅरिअरवर उभा असेल, तर त्याचं सर्टिफिकेट खरं असू शकत नाही. हजेरीपट आणि सर्टिफिकेटच्या तारखा शेजारी ठेवून बघा. गणवेशही तपासा: पोलिसांसारखा किंवा लष्करासारखा दिसणारा पोशाख खासगी गार्डला घालता येत नाही.

कोळशाच्या पोत्यासाठी माणूस डांबणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सायडिंगवर, म्हणजे कोळसा भरायच्या रेल्वे रुळांपाशी, कोळसा वेचणारी बाई सापडते, गार्ड तिला केबिनमध्ये बसवून ठेवतो, साहेब सकाळी येतात. या मधल्या तासांत जे काही होईल त्याची जबाबदारी कंपनीवर येते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो. मात्र पकडलेल्याला विनाकारण विलंब न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पाच हजार रुपयांखालची साधी चोरी नव्या भारतीय न्याय संहितेत अदखलपात्र ठरते. पोत्याची किंमत त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे गार्डला आपोआप अटकेचा अधिकार मिळतो असं धरू नका. माल उतरवून घ्या, नोंद करा, सोडून द्या. बाईची झडती महिला गार्डनेच घ्यावी. महिला गार्ड ड्युटीवर नसेल तर झडती नाही. आणि साध्या चोरीसाठी जीव घेण्याचा हक्क मालमत्तेच्या बचावात बसत नाही, हे बंदूकधारी गार्डला रुजू होतानाच सांगा.

नोंदवहीला छापील पान क्रमांक हवेत. रकाने असे: अडवल्याची वेळ, कुणी अडवलं, कशासाठी, अंगावर जखम आहे का, साक्षीदार, सोडल्याची किंवा पोलिसांकडे दिल्याची वेळ. दोन वेळांतलं अंतर दर आठवड्याला कुणीतरी वाचलं पाहिजे, आणि तो माणूस सुरक्षा विभागातला नसावा.

तक्रारपेटी गेटवर लावणं

ज्या गार्डने मारलं त्याच्यासमोर उभं राहून कोण चिठ्ठी टाकेल? पापुआ न्यू गिनीतल्या पोर्गेरा सोन्याच्या खाणीत टाकाऊ दगडांच्या ढिगांवर सोनं शोधायला आलेल्या बायकांवर गार्डांनी सामूहिक बलात्कार केल्याचं ह्यूमन राइट्स वॉचच्या २०११ च्या अहवालात उघड झालं. तक्रार कुठे करायची हेच त्यांना सुरक्षित वाटत नव्हतं. पुढे भरपाई आली, तर तिच्यासोबत कोर्टात न जाण्याची अट आली, आणि त्यावर नवा वाद पेटला. तक्रार घेणारी व्यक्ती गावात, शक्यतो बाई असावी. भरपाईच्या बदल्यात कोर्टाचा हक्क लिहून मागू नये.

सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाणं

रेकॉर्डर जुन्या चित्रणावर नवं चढवत राहतो. घटना कळताच, त्याच पाळीत, संबंधित कॅमेऱ्यांचं आधीच्या आणि नंतरच्या काही तासांसह चित्रण वेगळ्या ड्राइव्हवर घ्या, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक आकडा) नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्रही तेव्हाच तयार करा. मूळ रेकॉर्डर सीलबंद करून ज्याच्या ताब्यात दिला त्याची सही घ्या.