कॉर्ड बदलली, सोलो तिथंच राहिला: जॅझ गिटार शिकताना या चुका टाळा

जॅझ गिटार शिकायला सुरुवात केलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात विचारतात, "या गाण्यावर कोणती स्केल वाजवायची?" मला या प्रश्नाची धास्ती वाटते. स्केल, म्हणजे ठरावीक स्वरांची माळ, सांगितली की विचारणारा खूश होऊन जातो आणि पुढची दोन वर्षं तीच वर-खाली वाजवत बसतो. मी स्वतः तेच केलं, म्हणून हे इतक्या तळमळीनं लिहितो आहे.

सगळ्या कॉर्ड्सवर एकच स्केल

आम्ही तिघं वाजवत होतो: बास, ड्रम आणि मी. गाणं होतं 'ऑटम लीव्ह्ज', म्हणजे जोसेफ कोझ्मा यांची १९४५ची चाल. ३२ बारचं आवर्तन (बार म्हणजे चार मात्रांचा गट; आवर्तन म्हणजे कॉर्ड्सचा, एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांचा, पुन्हा पुन्हा फिरणारा क्रम), आम्ही जी मायनरमध्ये घेतलं होतं. माझा सोलो, म्हणजे त्या कॉर्ड्सवर आयत्या वेळी रचलेलं वादन, चालू होता, बोटं मोकळी झाली होती, सूर कुठे खटकत नव्हता. दुसऱ्या आवर्तनात बासच्या अ‍ॅम्पचा आवाज अचानक गेला. आता गाण्यात आपण कुठे आहोत हे सांगायला फक्त माझी गिटार उरली होती. ड्रमरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या सोलोत जागा शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. अ‍ॅम्प परत सुरू झाला तेव्हा तिघं तीन ठिकाणी होतो. गाणं थांबवावं लागलं.

नंतर बासवाला म्हणाला, "अरे, तुझे सूर बरोबर होते. पण त्यात कॉर्ड्स नव्हत्या."

रात्री रेकॉर्डिंग ऐकलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बी फ्लॅट मेजर स्केल. पहिल्या आठ बारमध्ये कॉर्ड्स अशा येतात: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, डी सेव्हन आणि मग दोन बार जी मायनर. यातल्या डी सेव्हनचा तिसरा स्वर (कॉर्डच्या नावाचा तो मूळ स्वर, त्याला एक धरून स्केलमध्ये मोजायचं), एफ शार्प, एवढा एकच बी फ्लॅट मेजरच्या बाहेरचा. गाणं मेजरकडून मायनरकडे वळतं ते त्याच स्वरावर. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो एकदाही नव्हता. वळण आलं आणि गेलं, मी सरळ चालत राहिलो.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. नवीन गाणं घेतलं की आधी प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर शोधतो. कॉर्ड मेजर आहे की मायनर, ती स्थिर आहे की पुढे ओढते आहे, हे हेच दोन स्वर सांगतात. मूळ स्वर बास वाजवतोच. वरच्या कॉर्ड्सवर बी फ्लॅटपासून सुरुवात करा आणि दर बारला एकच स्वर धरा: बी फ्लॅट, ए, ए, जी, जी, एफ शार्प आणि शेवटी जी. सगळी हालचाल शेजारच्या स्वरापुरती किंवा तीही नाही. साथीला कुणी नसताना हे सात स्वर संथपणे वाजवले तरी गाणं ऐकू येतं. मग प्रत्येक स्वराच्या आधी एक जोडस्वर घाला, खालून किंवा वरून अर्ध्या सुराच्या अंतरावरचा. मग दोन. वरून एक, खालून एक, असा वेढा घालून मुख्य स्वरावर उतरा. तो बारच्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. ओळ अशी वाढत जाते. निदान माझी तरी अशीच वाढली.

यात लोकांना कंटाळा येतो. "हे फार सोपं आहे," म्हणतात. मग मी म्हणतो, बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार रेकॉर्डिंग) बंद करून दोन आवर्तनं वाजव आणि ऐकणाऱ्याला कॉर्ड्स ओळखू दे. तिथे बहुतेकांचं बोलणं थांबतं. बॅकिंग ट्रॅक ही गोड सवय आहे. कॉर्ड्स तोच वाजवतो आणि आपल्याला वाटतं आपण वाजवल्या. माझ्या सरावातला निम्मा वेळ फक्त मेट्रोनोम, म्हणजे टिक देऊन लय धरणारं यंत्र, असतो, तोही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टिक देणारा. चारही मात्रांवर टिक ठेवली तर स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, अंगात भिनत नाही.

टॅब बघून सोलो पाठ करणं

आता दुसरी, माझ्या मते याहून जास्त नुकसान करणारी चूक. टॅब म्हणजे कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते सांगणारे आकडे. एका मुलानं मला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमरी यांच्या एका ब्लूजमधला (सहसा बारा बारच्या आवर्तनाचा गाण्याचा प्रकार) सोलो वाजवून दाखवला. वेगात, स्वच्छ, एकही स्वर न चुकता. मी म्हटलं, "यातला चौथ्या बारमधला तुकडा गाऊन दाखव." त्याला गाता आला नाही. "बरं, तोच तुकडा दुसऱ्या पट्टीत वाजव." तेही जमेना. तुकडा कोणत्या कॉर्डवर आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आकडे पाठ केले होते, सहा महिने खर्चून. मला मनापासून वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती.

वेस माँटगोमरी स्वतः त्यांच्या आधीचे गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे सोलो रेकॉर्डवरून कानानं शिकले. चार्ली ख्रिश्चन यांची रेकॉर्डिंग्ज मुख्यतः १९३९ ते १९४१ या काळातली. सुरुवात करणाऱ्याला मी तीच सुचवतो. वाक्यं आटोपशीर आहेत, कॉर्डच्या आकाराभोवती फिरतात आणि वेगाचा बाऊ नाही.

माझा क्रम साधा आहे. चार बार निवडायचे, जास्त नाही. गिटारला हात न लावता ते इतके ऐकायचे की गुणगुणता येतील. मग तारांवर शोधायचे. चुकीची फ्रेट सापडली तरी हरकत नाही, त्या शोधातच कान तयार होतो. सापडल्यावर प्रत्येक स्वर कॉर्डचा कितवा आहे ते लिहायचं. शेवटी तो तुकडा आणखी तीन पट्ट्यांत न्यायचा. आठवड्याला चार बार म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर बार होतात. टॅबमधून एका दुपारी मिळतात तेवढेच, पण हे तुमचे असतात. रेकॉर्डिंग हळू करणारं सॉफ्टवेअर वापरायला माझी ना नाही, काम कानच करतो. टॅबला मात्र माझा ठाम विरोध आहे आणि तो कमी होईल असं वाटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

दर कॉर्डला मूळ स्वरापासून सुरुवात करू नका. ओळ दर बारला नव्यानं उठल्यासारखी वाटते. डी मायनर सेव्हनवर एफ, ए, सी, ई वाजवून बघा, नववा स्वर, ई, आपोआप येतो.

श्वास घ्या. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला थांबावंच लागतं, गिटारवाल्याला कुणी थांबवत नाही. मी ओठ मिटून गुणगुणत वाजवतो. श्वास संपला की वाक्य संपवतो.

मूळ चाल पाठ नसेल तर सोलो घेऊ नका. आवर्तनात हरवणारे बहुतेक जण चाल न शिकता थेट कॉर्डच्या कागदावर आलेले असतात. मनात चाल चालू असली की मधल्या भागातून बाहेर कधी पडायचं हे मोजावं लागत नाही.

ऑल्टर्ड स्केल, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या-उतरवलेल्या स्वरांची स्केल, नंतर. जी सेव्हनवरच्या ए फ्लॅट किंवा ई फ्लॅटचा ताण पुढच्या सी मेजरच्या स्वरावर सुटला तरच त्याला अर्थ आहे. कुठे सुटायचं हेच माहीत नसेल तर तो नुसता चुकलेला सूर ऐकू येतो.

आणि 'जायंट स्टेप्स' ठेवून द्या. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी ते गाणं १९५९मध्ये रेकॉर्ड केलं, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांमधून सतत उड्या आहेत आणि वेग जबर आहे. तीन महिने शिकलेली मुलं ते घेऊन येतात, बोटांचा ठरलेला नमुना घोकतात आणि बारा बारच्या साध्या ब्लूजमध्ये पाचव्या बारला चौथ्या स्वरावरची कॉर्ड आली हे त्यांना ऐकू येत नाही. त्यांना मी ब्लूजकडे परत पाठवतो. मेट्रोनोम साठवर ठेवून, साथ नाही, फक्त तिसरा आणि सातवा स्वर. काही जण रागावून जातात. जे थांबतात, त्यांच्या वाजवण्यात काही आठवड्यांनी तो पाचवा बार ऐकू येऊ लागतो.